खोली, मोरी आणि नाव

मानोऱ्याला रेल्वे कधी आली नाही. जवळची स्टेशने कारंजा आणि दारव्हा, मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांवरची. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला इंग्रज कंपनीने हा मार्ग टाकला होता. त्या कापसाचा आणि शहरातल्या भाड्याच्या खोलीचा एक जुना संबंध आहे. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचे ठरवले. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून खोल्या झाल्या १६ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या आजा-पणजांच्या कापसाने, त्यांनी कधी न पाहिलेल्या घरांचा खर्च थोडाफार उचलला.

ही बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. शहरातल्या घराची प्रत पुढे खोल्यांच्या संख्येवरून कमी आणि पाण्यावरून जास्त ठरू लागली. नळ गॅलरीत की घरात? कोपऱ्यात मोरी आहे की नाही? मुस्लिम कुटुंबाला हा प्रश्न अधिक टोचत असे. वजूचे पाणी, गुस्ल, धुणे, आणि बाईने चाळीच्या नळावर उघड्यावर उभे राहायचे की नाही, हे सारे त्या दीड हात मोरीवर अवलंबून. पडद्याच्या बाजूने-विरुद्ध आपण पुष्कळ लिहिले, मोरीबद्दल कुणी लिहिले नाही! स्वतःचा संडास-मोरी असलेल्या घराला मुंबईकर 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक' म्हणू लागला. आज तोच वन बीएचके झाला. मोरीचे काम ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या नळाकडे गेले.

असे घर भाड्याने मिळवायचे कसे, याचा कायदा मात्र बराच काळ पैशांपाशीच घोटाळत राहिला. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचला, पण मालकाने भाड्याने देणेच टाळले. पागडी आली, मग 'लीव्ह अँड लायसन्स'. वऱ्हाड-नागपुरात वेगळीच व्यवस्था होती. सी. पी. अँड बेरारच्या १९४९ च्या आदेशानुसार मालकाने रिकामे घर सरकारला कळवायचे आणि सरकारी नोकर, निर्वासित अशांना ते देण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे असायचा. या आदेशाने भ्रष्टाचार किती पोसला तो भाग निराळा. पण निदान कागदावर तरी घर कुणाला द्यायचे हे एकट्या मालकाच्या मर्जीवर नव्हते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तो आदेश गेला. नव्या कायद्याच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण करार होण्याआधीच नाव ऐकून नकार आला तर काय, यावर तो कायदा गप्प आहे.

राज्यघटनेचे कलम १५ दुकान, हॉटेल, विहीर यांची नावे घेते. खासगी घराचे घेत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी सच्चर समितीने नोंदवले की घर भाड्याने किंवा विकत घेताना मुस्लिम ओळख आड येते. डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांना हे सांगायला समितीची गरज नव्हती.

आपल्या माणसांत राहावे ही ओढ जुनीच आहे. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात राहिले, कोकणी मुसलमान डोंगरीत गावाच्या जमातीच्या खोलीत उतरले. पण ते उतरणे कामाच्या, बोलीच्या आणि गावकीच्या जोरावर होते. दुसरीकडे दार बंद झाले म्हणून एका वस्तीत कोंबले जाणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोन्हींना 'मोहल्ल्याची मानसिकता' असे एकच नाव देणाऱ्यांनी इतिहास वाचलेला नाही.

मानोऱ्याहून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले आजही भाडे परवडते का, हा प्रश्न दुसरा विचारतात. एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो. फ्लॅट रिकामा असतो, ड्राय बाल्कनीत मशीनचा नळही असतो. आडनाव कळल्यावर तो "कालच गेला" असतो. मग एखादा मित्र आपल्या नावावर करार करतो, आणि अकरा महिने झाले की दोघे पुन्हा एजंटला फोन लावतात.