नोंद न होणारं कसब : कोकण रेल्वेचा एक धडा

कामाच्या जागी माणसं ऐनवेळी जी युक्ती लढवतात, तिला इतिहासात जागा का मिळत नाही? खेडमध्ये हा प्रश्न विचारायचा, तर उदाहरण दारातच आहे : कोकण रेल्वे.

१९९० साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन अध्यक्ष झाले. कातळातल्या बोगद्यांसाठी परदेशी यंत्रं आली. पण पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती; पोखरलं की वरून ढासळायची. तिथं यंत्राचा जोर चालेना. हातानं थोडं खणायचं, आधार द्यायचा, मग पुढं सरकायचं. माणसंही दगावली. अखेर २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला.

बरोबर एका वर्षानं कोलाड ते वेर्णा ‘रो-रो’ आली. भरलेला ट्रक, ड्रायव्हर-क्लीनरसकट, सपाट वाघिणीवर चढवायचा. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट न चढताच ट्रक खेडवरून पुढे. यात नवं काय होतं? रूळ होते, वाघिणी होत्या, युरोपात अशा गाड्याही होत्या. नवी होती ती आपल्याकडची जुळणी. युक्ती म्हणतात ती बहुधा हीच : हाताशी आहे त्याची वेगळी मांडणी.

पण प्रत्येक धाडस युक्ती ठरत नाही. याच रेल्वेच्या स्कायबसच्या चाचणीत सप्टेंबर २००४ मध्ये मडगावला अपघात झाला, एक कर्मचारी गेला. म्हणजे चूक झालीच तर तिची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये एक भेद मांडला : एखादी गोष्ट ठाऊक असणं वेगळं, ती करता येणं वेगळं. पावसाळ्यात रुळांवर गस्त घालणारा ट्रॅकमन पाहा. दरड दिसली तर लाल बत्ती दाखवा, हे नियमात आहे. पण डोंगरातून झिरपणारं पाणी अचानक गढूळ झालं, तर तिथं किती वेळ थांबायचं, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

आता गोम लक्षात घ्या. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी घसरली, ५०हून अधिक माणसं गेली. त्याची चौकशी झाली, कागद झाले. व्हायलाच हवे होते. पण गाडी सुखरूप गेली त्या रात्रींचा कागद नसतो. इतिहास आपण कागदांवरून लिहितो. म्हणून त्यात कामगाराची चूक सापडते, त्याची अक्कल सापडत नाही. ती शोधायची तर दप्तराबाहेर पडून, निवृत्त ट्रॅकमन आहेत तोवर, त्यांना विचारायला हवं.