‘गोळीबार झाला’ : कर्ता हरवलेले इतिहासलेखन

सातारा-सांगलीच्या १९४२ च्या लढ्यावरील प्रबंध व स्मरणिका वाचताना एक वाक्य आम्हांला वारंवार भेटते : ‘९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे गोळीबार झाला.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु गोळीबार काही वळवाच्या पावसासारखा आपसूक होत नाही. परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. घार्गे त्यात हुतात्मा झाले. ‘झाला’ या अकर्मक क्रियापदाने पोलिसांना वाक्याबाहेर काढले आहे. दुसऱ्याच दिवशीच्या इस्लामपूरच्या गोळीबाराचीही हीच गत.

दुसरा प्रकार इंग्रजी वळणाचा. ‘७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली’. ‘२४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला गेला.’ कर्ता झाकला की लेखन तटस्थ होते, असा विद्यापीठीय समज यामागे असावा. प्रयोगशाळेत तो चालतो. द्रावण कोणी तापवले याला तेथे महत्त्व नसते. इतिहासात मात्र कोणी केले, हाच तर प्रश्न!

शिवाय मराठीला या ‘गेली’ची गरजच नाही. ‘तुफान सेनेने गाडी लुटली’, ‘वसंतदादा पाटील व त्यांच्या साथीदारांनी तुरुंग फोडला’ : येथे क्रियापद कर्माप्रमाणेच चालते. गाडी म्हणून ‘लुटली’, तुरुंग म्हणून ‘फोडला’. हाच आपला कर्मणी प्रयोग. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगांचा विचार विस्ताराने केला आहे, तो प्रबंधलेखकांनी एकदा चाळावा. इंग्रजीत कर्म पुढे आले की कर्ता गाळण्याची सोय होते. मराठी कर्मणीत क्रियापद कर्माचे ऐकते, पण कर्ता ‘ने’ किंवा ‘नी’ लावून जागेवर बसलेला असतो. तो खरोखरच अज्ञात असेल, तर ‘कोणी तरी’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

जाता जाता आणखी एक. ‘१९४२ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर’ असे सर्रास लिहितात. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली ही संस्थानाची राजधानी. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला. त्याला सांगली हे नाव मिळाले ते १९६० मध्ये. ‘तील’च्या जागी ‘आजच्या सांगली जिल्ह्यातील’ एवढे लिहिले तरी पुरे.