काळ्या ब्रेडचं विरजण

इंग्लंडमध्ये 'कॉर्न' म्हटलं की जुन्या माणसाच्या डोळ्यांसमोर गहू येई, स्कॉटलंडमध्ये ओट, अमेरिकेत मका. जर्मनीच्या मोठ्या भागात 'कोर्न' म्हणजे राय. ज्या मुलखात जे मुख्य पीक, तेच तिथलं 'धान्य' होऊन बसतं. आपल्याकडे भंडारा-गोंदियात 'धान' म्हणजे भातच, तसं. ही राय म्हणजे मोहरीच्या जातीतली राई नव्हे. गव्हाच्या कुळातलं, लांबट, करड्या-हिरवट दाण्याचं ते थंड हवेतलं धान्य आहे.

आज जर्मन ब्रेडबद्दल कौतुकानं बोललं जातं ते त्याच्या आंबट चवीमुळे, जाड काळपट सालीमुळे, ओलसर जड गाभ्यामुळे आणि त्यातल्या अख्ख्या धान्यामुळे. गंमत अशी, की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या अडचणीतून आलेली आहे.

मुळात राय हेच बिनबोलावलेलं धान्य. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं, की राय ही गव्हाच्या शेतातलं तण म्हणून पश्चिम आशियातून निघाली. गहू जसजसा थंड, उंच, निकस जमिनीकडे सरकला तसतसा तो कमकुवत पडत गेला आणि तण मात्र तग धरून राहिलं. शेवटी शेतकऱ्यानं तणालाच पीक मानलं. उत्तर आणि पूर्व जर्मनीची रेताड, आम्लधर्मी जमीन आणि कडक हिवाळा गव्हाला मानवणारा नव्हता. मध्ययुगात तिथे रायचं राज्य आलं ते असं.

पण राय पिकवणं वेगळं आणि तिचा ब्रेड करणं वेगळं. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं, त्यात वायू अडकतो आणि पाव फुगतो. रायच्या पिठात पेंटोसान नावाचे तंतुमय पदार्थ भरपूर असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि तसं जाळं बनू देत नाहीत. म्हणून रायची कणीक मळून लवचीक होत नाही. ती चिकट चिखलासारखीच राहते. आपण ज्वारीच्या बाबतीत हा प्रश्न उकड काढून आणि भाकरी पातळ थापून सोडवला. जर्मनांना मात्र आठवडेच्या आठवडे टिकणारा जाड ब्रेड हवा होता, आणि तिथे दुसरी अडचण उभी राहिली. रायचा स्टार्च गव्हाच्या मानानं कमी तापमानाला शिजू लागतो. त्या तापमानाला स्टार्च तोडणारं अमायलेज हे एन्झाइम भट्टीतल्या ब्रेडमध्ये अजून काम करत असतं. परिणामी बाहेरून खरपूस दिसणाऱ्या ब्रेडच्या आत लगदा निघतो.

यावरचा उपाय म्हणजे आम्ल. कणीक आंबली, की अमायलेज मंदावतं, पेंटोसान नीट फुगतात आणि ब्रेडला कापता येईल असा गाभा येतो. आंबट कणकेला जर्मनमध्ये 'झाउअरटाइग' म्हणतात. त्यात रानटी यीस्ट ब्रेड फुगवतं आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तो आंबवतात. आंबटपणा ही आवडनिवड नव्हती; त्याच्याशिवाय रायचा ब्रेड होतच नव्हता. हे रसायन कळण्याच्या कितीतरी शतकं आधी बायकांच्या हातांना ते ठाऊक होतं. ब्रेड झाल्यावर लाकडी काथवटीत राहिलेली कणीक त्या खरवडून घेत, पिठात चुरून कोरडी करत आणि पुढच्या खेपेपर्यंत सांभाळत. एखादीचं विरजण बिघडलं तर ती शेजारणीकडून मागून आणी. 'विरजण' या शब्दाइतका नेमका शब्द मला या वस्तूसाठी दुसरा सुचत नाही.

भाजणं रोजचं नव्हतं. घराघरातल्या भट्ट्यांमुळे आगी लागत आणि लाकूडही फार जळे, म्हणून अनेक ठिकाणी गावासाठी एकच भट्टीघर असे आणि पाळ्या ठरवल्या जात. दोन-तीन आठवड्यांचा ब्रेड एकदम भाजून ठेवायचा. आंबट कणकेचा ब्रेड सहजी बुरशी धरत नाही आणि ओलावा धरून ठेवतो, हा गुण तेव्हा चवीपेक्षा मोलाचा होता.

याच ब्रेडनं माणसं मारलीही. ओल्या हंगामात रायच्या कणसांवर एर्गॉट नावाची बुरशी वाढते; तिचे काळे दाणे पिठात दळले गेले, की हातपाय जळत असल्यासारखे वाटतात, काळे पडतात, झडतात. ऱ्हाइनकाठच्या झांटेन इथल्या इतिवृत्तात इ.स. ८५७मध्ये अशा साथीची नोंद आहे. युरोपात या रोगाला 'संत अँथनीची आग' म्हणत. चित्रकार ग्र्युनेवाल्ड यानं १५१२ ते १५१६च्या सुमारास काढलेलं प्रसिद्ध इझेनहाइम वेदीचित्र हे असल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या अँथनी पंथाच्या मठासाठी होतं. त्यातला ख्रिस्ताचा व्रणांनी भरलेला देह पाहणाऱ्या रुग्णाला आपलाच वाटला असेल.

पांढरा ब्रेड श्रीमंतांचा आणि काळा गरिबांचा, ही वाटणी युरोपभर होती. पण जर्मनांनी काळ्या ब्रेडला हळूहळू स्वतःची खूण बनवलं. १७९२मध्ये फ्रान्सवरच्या मोहिमेत गटे सैन्याबरोबर होता. पांढरा ब्रेड की काळा, यावरून फ्रेंच आणि जर्मन ओळखावेत, असं निरीक्षण त्यानं आपल्या वृत्तांतात नोंदवलं आहे. वेस्टफालियाचा पुंपरनिकेल हा या काळ्या ब्रेडचा टोकाचा प्रकार. भरडलेली राय बंद साच्यात, मंद आचेवर, वाफेत किमान सोळा तास भाजायची. तिचा काळा रंग आणि गोडसर चव येते ती या दीर्घ भाजण्यातून.

मग युद्धं आली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नाकेबंदीनं धान्याची आयात तुटली. पिठात बटाटा मिसळून 'के-ब्रोट', म्हणजे युद्धाचा ब्रेड, निघाला आणि १९१५पासून ब्रेड कार्डावर मिळू लागला. १९१६-१७च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीकही गेलं आणि लोकांनी गुरांना घालायचे नवलकोलासारखे कंद खाऊन दिवस काढले. तो हिवाळा आजही 'श्टेकर्युबेनविंटर', म्हणजे त्या कंदांचा हिवाळा, या नावानं ओळखला जातो.

नाझींनी या भुकेतून एक धडा घेतला. १९३९मध्ये सरकारी पुढाकारानं पूर्ण धान्याच्या ब्रेडच्या प्रचारासाठी समिती नेमली गेली. असा ब्रेड खाणं हे निरोगी राष्ट्रासाठीचं कर्तव्य असल्याचा प्रचार झाला. यातलं आहारशास्त्र बरंचसं बरोबर होतं. कोंडा आणि अंकुरासकट दळलेल्या पिठात जीवनसत्त्वं आणि खनिजं जास्त असतात. कणीक आंबताना फायटिक आम्ल मोडतं, त्यामुळे ती खनिजं शरीराला अधिक मिळतात. पण त्याच धान्यातून जास्त पीठ निघतं आणि आयात गव्हाची गरज कमी होते, हा युद्धाच्या तयारीचा हिशेबही त्यामागे होता.

आणि हिशेब तिथेच थांबला नाही. १९४१मध्ये हेर्बर्ट बाके या अधिकाऱ्याच्या पुढाकारानं आखलेल्या उपासमारीच्या योजनेत सोव्हिएत मुलखातलं धान्य जर्मनीकडे वळवायचं आणि तिथली कोट्यवधी माणसं भुकेनं मरू द्यायची, हे गृहीतच धरलेलं होतं. वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुलं आणि कारकुनांना दिवसाला १२५ ग्रॅम ब्रेड मिळे. तोही रायचाच, सेल्युलोजसारखी भर घातलेला. त्याच शहरात वाविलोव यांनी उभारलेल्या संस्थेत जगभरच्या धान्यांची बियाणी होती. तिथले अनेक शास्त्रज्ञ भुकेनं मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. रायची कुळकथा सांगणारे वाविलोव स्वतः तेव्हा स्टालिनच्या कैदेत होते. जानेवारी १९४३मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला, तोही उपासमारीनं खंगून.

युद्ध संपल्यावर भुकेची पाळी जर्मनांवर आली. अमेरिकी मक्याच्या पिठाचा पिवळा ब्रेड त्यांच्या घशाखाली उतरेना. आपण 'कोर्न' मागितलं आणि अमेरिकनांनी 'कॉर्न' पाठवलं, असा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. पुढे सुबत्ता आली तशी पांढऱ्या पिठाची चैन सर्वांना परवडू लागली. कारखान्यांनी आंबवण्याचा वेळ वाचवायला तयार आम्लांची पूड आणली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पर्यावरणवादी तरुणांनी घरी जाती आणली, राय दळली आणि आजीच्या ब्रेडकडे परत गेले. २०१४मध्ये 'जर्मन ब्रेड-संस्कृती' देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली गेली. मात्र १९५०च्या दशकात पश्चिम जर्मनीत बेकरी चालवणारे कारागीर पन्नास हजारांहून जास्त होते. आज एकत्रित जर्मनीत ते दहा हजारांहूनही कमी उरले आहेत. वारसा म्हणून नोंद होते ती बहुधा वस्तू हातातून निसटू लागल्यावरच.

म्हणूनच घरी हा ब्रेड करणाऱ्यांचं मला महत्त्व वाटतं. कृती अवघड नाही. रायचं अख्खं पीठ आणि तेवढंच पाणी बरणीत कालवायचं, रोज थोडं काढून टाकून ताजं पीठ-पाणी घालायचं. आठवड्याभरात विरजण तयार होतं. उबेत ठेवलं तर दह्यासारखी सौम्य आंबट चव येते, गारव्यात ठेवलं तर व्हिनेगरसारखी तीव्र. ब्रेडच्या एकूण पिठापैकी चाळीसेक टक्के पीठ आदल्या रात्री या विरजणानं आंबवायचं. सकाळी उरलेलं पीठ, पाणी आणि पिठाच्या दोन टक्के मीठ घालून कालवायचं. मळायच्या फंदात पडायचं नाही. साच्यात फुगू द्यायचं. सुरुवातीला २५० अंशांवर आणि मग २०० अंशांवर मिळून तासभर भाजायचं. आणि मग सगळ्यात कठीण काम, ते म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत सुरी न लावणं. गाभा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

हे सगळं आज आपण हौसेनं करतो, हा इतिहासातला मोठाच बदल आहे. ज्या बायकांनी ही रीत घडवली त्यांच्यापुढे दुसरं धान्यच नव्हतं. खडबडीत ब्रेडची महती गाताना तो कोण निवडून खातंय आणि कुणावर लादला जातोय, एवढं विचारायला हवं. विसाव्या शतकानं हे पुरेशा क्रूरपणे दाखवून दिलं आहे. पूर्वी गरिबांचा असलेला हा काळा ब्रेड आज हौशी बेकऱ्यांमध्ये पांढऱ्याहून महाग विकला जातो. आपल्याकडे नाचणी आणि ज्वारीचं हेच होऊ लागलंय.

दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहरात १९५५ साली विली आयझेलेन या व्यावसायिकानं आपल्या मुलाबरोबर ब्रेडचं संग्रहालय सुरू केलं. तिथे भट्ट्या, काथवटी, चित्रं आहेत. ब्रेडइतकीच तिथे भुकेचीही कहाणी सांगितली जाते. पण त्यांच्या संग्रहात खराखुरा ब्रेड मुद्दाम ठेवलेला नाही. ब्रेड ही जपून ठेवायची वस्तू नव्हे, तो रोज नव्यानं करायचा आणि खायचा, असं संस्थापकांचं म्हणणं होतं.