बाटली कोणाची, नाव कोणाचे?

१८९९ साली अमेरिकेतील चॅटनूगा शहराचे दोन वकील, बेंजामिन टॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड, अटलांटाला एसा कँडलर यांच्याकडे गेले. कोका-कोला तेव्हा प्रामुख्याने सोडा फाउंटनवर पेल्यात मिळत असे. ते बाटलीत भरून विकण्याचा हक्क या दोघांना हवा होता. कँडलर यांना बाटलीच्या धंद्यात विशेष राम वाटत नव्हता. त्यांनी अमेरिकेच्या बहुतांश भागासाठी तो हक्क एका डॉलरला लिहून दिला.

पुढे शतकभर जगात पसरलेल्या एका व्यवहाराचा साचा या करारात दिसतो. नाव आणि अर्क एकाचा. कारखाना, बाटल्या, गाड्या, कामगार आणि कर्ज दुसऱ्याचे. यालाच आज फ्रँचायझी म्हणतात. एखादी परदेशी कंपनी हा साचा घेऊन नव्या देशात उतरते, तेव्हा तिला तेथील कोणते कायदे पाळावे लागतात? भारतापुरते या प्रश्नाचे उत्तर बरेच विचित्र आहे, आणि त्याचा इतिहास मुख्यतः शीतपेयांच्या बाटलीतून वाहत आलेला आहे.

कोका-कोला भारतात आली १९५० मध्ये, दिल्लीत. बाटल्या भरण्याचे काम ‘प्युअर ड्रिंक्स’ या भारतीय कंपनीकडे होते. मुंबईत वरळीला याच कंपनीची जागा होती. बेकायदा मजल्यांच्या खटल्यामुळे पुढे गाजलेले ‘कॅम्पा कोला कंपाउंड’ ते हेच. १९७७ पर्यंत देशातील तेरा शहरांत बावीस कारखाने कोका-कोला भरत होते. कारखाने भारतीय मालकांचे होते. अमेरिकन कंपनीची भारतातील शाखा अर्क तयार करी आणि तो या कारखान्यांना विकी. म्हणजे ग्राहकाला जी दिसे ती सारी दुनिया देशी होती. परदेशी होते ते नाव, अर्काची कृती आणि नफ्याचा वाटा.

परकीय चलनाची टंचाई हे त्या काळच्या अर्थव्यवहाराचे कायमचे दुखणे होते. त्यातून १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, आला आणि १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. त्याच्या २९व्या कलमाने असा दंडक घातला की, परदेशी कंपनीच्या शाखेला किंवा चाळीस टक्क्यांहून अधिक परकीय भागभांडवल असलेल्या कंपनीला येथे व्यवसाय चालू ठेवायचा असेल, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी हवी. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, उच्च तंत्रज्ञान किंवा निर्यातीसारखे खास कारण नसेल, तर साठ टक्के भाग भारतीयांच्या हाती द्यावा लागे. आधीचे, २८वे कलम कमी चर्चिले गेले. पण फ्रँचायझीच्या दृष्टीने तेच अधिक नेमके होते. अशा परकीय कंपन्यांनी आपले व्यापारचिन्ह मोबदला घेऊन दुसऱ्याला वापरू देण्यावर त्याने परवानगीचे कुंपण घातले. कायद्याचा रोख परदेशी जाणाऱ्या पैशावर होता, फ्रँचायझी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. तरीही त्याची सर्वांत खोल जखम तिलाच झाली.

१९७७ ची गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते: उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी गुप्त कृती मागितली आणि कंपनीने गाशा गुंडाळला. प्रत्यक्षातील वाद जरा रुक्ष, म्हणूनच अधिक उद्बोधक आहे. चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत भारतीय कंपनी काढण्याची तयारी कोका-कोलाने दाखवली होती. मात्र अर्क आणि गुणवत्ता-नियंत्रण यांवरचा ताबा तिला स्वतःच्या वेगळ्या कार्यालयाकडे ठेवायचा होता. सरकारला ते मान्य नव्हते, कारण मग साठ टक्के भाग मिळूनही भारतीय भागधारकांच्या हाती रिकामी बाटलीच राहिली असती. कंपनीच्या बाजूनेही ही अट स्वाभाविक होती, कारण अर्क सोडला की तिच्याकडे विकण्यासारखे उरते काय? दोन्ही पक्षांना फ्रँचायझीचे मर्म पुरेपूर कळले होते, आणि म्हणूनच तडजोड झाली नाही.

कंपनी गेली, कारखाने राहिले. प्युअर ड्रिंक्सने ‘कॅम्पा कोला’ काढला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कृती तयार केली आणि सरकारी ‘मॉडर्न बेकरीज’ने ‘डबल सेव्हन’ बाजारात आणला. नावातले दोन सात त्या वर्षाचे. तो फार चालला नाही. चालला तो पार्लेच्या चौहान बंधूंचा ‘थम्स अप’. गोल्ड स्पॉट, लिम्का, माझा यांच्या सोबतीने त्याने पुढची पंधरा वर्षे गाजवली. पार्लेनेही कँडलर यांचाच साचा वापरला: चिन्ह आणि अर्क आपला, बाटल्या भरणारे गावोगावचे उद्योजक. परदेशी फ्रँचायझीला दार बंद असताना देशी फ्रँचायझीचे मोठे जाळे उभे राहिले, हे या कालखंडाचे दुर्लक्षित फलित होय.

दार पुन्हा किलकिले झाले ते पेप्सीसाठी. १९८८ मध्ये तिला मंजुरी मिळाली; पण परदेशी नाव उघडपणे मिरवण्याची मुभा नसल्यामुळे १९९० मध्ये बाटली आली ती ‘लेहर पेप्सी’ या जोडनावाने. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने तंत्रज्ञान-करारांना आपोआप मंजुरीचा मार्ग दिला, परंतु मापे घालून: रॉयल्टी देशांतर्गत विक्रीवर पाच टक्के, निर्यातीवर आठ टक्के, एकरकमी मोबदला एक कोटी रुपयांपर्यंत. १९९२ मध्ये परदेशी व्यापारचिन्हांवरील निर्बंध सैल झाले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली, आणि परतताना तिने पार्लेची चिन्हेच विकत घेतली. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट अटलांटाच्या मालकीचे झाले.

मात्र चिन्हे विकता येतात, त्या चिन्हांच्या बाटल्या भरणारी माणसे विकता येत नाहीत. पार्लेच्या बॉटलरांना आता नवा धनी मिळाला होता, आणि दारात पेप्सी उभी होती. अहमदाबाद आणि राजकोट येथे कारखाने असलेल्या ‘गुजरात बॉटलिंग कंपनी’ने सप्टेंबर १९९३ मध्ये कोका-कोलाशी करार केला. त्यातील तीन अटी महत्त्वाच्या. करार चालू असेपर्यंत, नोटिशीच्या वर्षभराच्या मुदतीसह, बॉटलरने दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे पेय भरायचे नाही. कोका-कोलाच्या संमतीवाचून कंपनीचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही. आणि करार संपवायचा तर एक वर्षाची लेखी नोटीस द्यायची. एप्रिल १९९४ मध्ये, व्यापारचिन्हाचा नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी यासाठी, आणखी काही करार झाले. ते नव्वद दिवसांच्या नोटिशीने संपवता येत होते.

जानेवारी १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंगचे भाग पेप्सीच्या गोटातील व्यक्तींच्या हाती गेले. कंपनीने नोटीस दिली आणि भूमिका घेतली की, १९९४ च्या करारांनी १९९३ चा करार बाजूला सारला आहे. तेव्हा नव्वद दिवस संपले की आपण मोकळे. कोका-कोला मुंबई उच्च न्यायालयात गेली. अंतरिम मनाईहुकूम मिळाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

बॉटलरच्या हाती मुख्य शस्त्र होते ते १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७वे कलम. कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असे ते सांगते. अपवाद मुख्यतः नावलौकिकासह धंदा विकणाऱ्याचा. या कलमाची वंशावळ मोठी मौजेची आहे. डेव्हिड डडली फील्ड या अमेरिकन विधिज्ञाने न्यूयॉर्क राज्यासाठी केलेल्या मसुद्यावरून ते घेतले गेले. न्यूयॉर्कने तो मसुदा कधी स्वीकारलाच नाही. कॅलिफोर्नियाने आणि ब्रिटिश भारताने स्वीकारला.

कलम किती कडक आहे, याचा निवाडा दोनच वर्षांत, १८७४ मध्ये, कलकत्त्याच्या दोन तांबटांनी करवून घेतला. एकाच वस्तीत दोघांची दुकाने. राजकुमार दास यांना स्पर्धा जड जाऊ लागली, तेव्हा त्यांनी माधवचंद्र परामाणिक यांना गळ घातली: तुम्ही येथील दुकान बंद करा, कारागिरांना तुम्ही दिलेले नऊशे रुपये मी भरून देतो. परामाणिक यांनी दुकान बंद केले. दासांनी पैसे दिले नाहीत. मुख्य न्यायमूर्ती सर रिचर्ड कूच यांनी ठरवले की, बंदी एका वस्तीपुरती असली तरी ती बंदीच. करार रद्द, पैसे नाहीत. इंग्लंडमध्ये बंदी ‘वाजवी’ आहे का, हे न्यायालय पाहते. भारतीय कलमात तो शब्दच नाही. शब्दाबरहुकूम निकाल लागला आणि बिचाऱ्या परामाणिकांचे दुकानही गेले, पैसेही गेले.

तांबटांच्या या कलमापुढे कोका-कोलाची अट टिकणार कशी? ४ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर आजवर भारतातील फ्रँचायझीचा पाया मानले जाते. करार चालू असतानाची बंदी आणि तो संपल्यानंतरची बंदी यांत न्यायालयाने भेद केला. करार चालू असताना ‘दुसऱ्याचे काम करणार नाही’ असे वचन देणे म्हणजे धंद्याला आडकाठी नव्हे. उलट ज्या मालासाठी करार झाला, त्याचा धंदा वाढावा हाच तिचा हेतू असतो. १९९४ चे करार नोंदणीच्या सोयीसाठी होते. १९९३ चा करार जिवंतच होता. शिवाय ताबा परस्पर हस्तांतरित करून ज्याने स्वतः करार मोडला, त्याला मनाईहुकूम उठवा असे न्यायालयाला सांगण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. मनाई कायम राहिली.

कायद्याच्या तर्काने निकालात खोट काढणे कठीण आहे. तरी अहमदाबाद-राजकोटच्या बाजूने पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. या कारखान्यांनी बाजारपेठ उभी केली ती पार्लेच्या पेयांवर. ती चिन्हे कोणाला विकायची, हे ठरवताना बॉटलरला कोणी विचारण्याची कायद्याने गरज नव्हती. बॉटलरने मात्र आपली कंपनी विकताना चिन्हाच्या मालकाला विचारलेच पाहिजे, असे कराराने ठरले होते. ही विषमता न्यायालयाने निर्माण केली नव्हती. ती करारातच होती, आणि करार करण्यापूर्वी दुबळ्या पक्षाला हात देणारा कोणताही कायदा देशात नव्हता.

इतर देशांत तो होऊ लागला होता. करार कायद्याचे तेच फील्डचे कलम बाळगणाऱ्या कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये फ्रँचायझी विकणाऱ्याने आधी आपली सारी माहिती खुली करावी असा कायदा केला. १९७९ पासून संघराज्याच्या व्यापार आयोगाने तो नियम साऱ्या अमेरिकेला लावला. मलेशियाने १९९८ मध्ये स्वतंत्र फ्रँचायझी कायदा आणला. चीनची अट तर अस्सल व्यापाऱ्याची: फ्रँचायझी विकण्यापूर्वी चीनमध्येच स्वतःची दोन दुकाने वर्षभर चालवून दाखवा. २००५ मध्ये लागू झालेली ही अट २००७ मध्ये सैल झाली, आणि दुकाने जगात कोठेही असली तरी चालू लागले.

भारताने यांपैकी काहीच केले नाही. पैशाचे कुंपण मात्र एकेक फळी काढत उतरवले. २००० मध्ये फेराच्या जागी ‘फेमा’ आला. डिसेंबर २००९ मध्ये रॉयल्टीवरील पाच-आठ टक्क्यांची मर्यादाही गेली. परदेशी कंपनीला उरले ते व्यापारचिन्हाची नोंदणी, करार, कर आणि स्पर्धा कायदा. येथील घेणाऱ्याला तिने आधी काय सांगितले पाहिजे, याचे स्वतंत्र बंधन नाही.

‘फ्रँचायझी’ या शब्दाची व्याख्या भारतीय कायद्यात आली ती करवसुलीसाठी. १ जुलै २००३ पासून फ्रँचायझीवर सेवाकर लागू झाला, तेव्हा व्याख्येत चार लक्षणे सांगितली होती. नाव वापरण्याचा हक्क, धंदा चालवण्याची पद्धत आणि मोबदला ही तीन. चौथे, दुसऱ्या कोणाचा तसाच माल वा सेवा न विकण्याचे बंधन. ज्यावरून गुजरातचे कारखाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेच हे बंधन. २००५ मध्ये अधिक करार कराच्या जाळ्यात यावेत म्हणून पहिले लक्षण ठेवून बाकीची गाळण्यात आली. २०१२ मध्ये ही व्याख्याही व्यवहारातून गेली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा सेवाकरही गेला.