डेव्हिस करंडकाचा न झालेला अंतिम सामना

राष्ट्राराष्ट्रांमध्ये खेळल्या जाणाऱ्या पुरुषांच्या सांघिक टेनिस स्पर्धांत डेव्हिस करंडकाचा मान सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा. या करंडकाच्या बैठकीवर विजेत्या राष्ट्रांची नावे कोरलेली आहेत. त्यांत 1974 या सालापुढे दक्षिण आफ्रिकेचे नाव आढळते. त्या वर्षी त्या देशाचा प्रतिस्पर्धी भारत होता. परंतु या विजयासाठी ना चेंडू टोलविला गेला, ना पंच आपल्या उंच आसनावर बसला. भारताने खेळण्यास नकार दिला आणि करंडक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला. या स्पर्धेच्या इतिहासात अंतिम सामना असा निकालात निघाल्याचे हे एकच उदाहरण आहे. त्याचा अर्थ नीट समजून घ्यायचा, तर स्पर्धेच्या जन्मापासूनच प्रारंभ केला पाहिजे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकणारा ड्वाइट डेव्हिस हा तरुण डावखुरा आणि जोरकस खेळाडू होता. अमेरिकेचे खेळाडू आणि ब्रिटनचे खेळाडू यांच्यात राष्ट्रांच्या नावाने सामना व्हावा, अशी कल्पना त्याच्या मनात आली. त्याने स्वतःच्या पैशाने बॉस्टनच्या नामांकित सराफी पेढीकडून चांदीचे एक मोठे पात्र घडवून घेतले. त्याचे वजन 217 औंस होते. 1900 साली बॉस्टनजवळच्या लॉंगवुड क्रिकेट क्लबच्या हिरवळीवर पहिला सामना झाला. अमेरिकेने तो 3-0 असा जिंकला आणि विजयी संघाचा कर्णधार स्वतः डेव्हिसच होता. हाच डेव्हिस पुढे अमेरिकेचा युद्धमंत्री आणि फिलिपाइन्सचा गव्हर्नर जनरल झाला.

टेनिस हा मुळात एकट्याचा खेळ. विम्बल्डनला जो जिंकतो, तो आपल्या नावाने जिंकतो. डेव्हिस करंडकात मात्र गुणफलकावर खेळाडूचे नाव दुय्यम आणि राष्ट्राचे नाव प्रमुख असते. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या दोन एकेरी, अशी पाच सामन्यांची रचना दीर्घकाळ चालत आली. पाचांपैकी तीन जिंकील तो देश विजयी. पूर्वी आणखी एक नियम होता. गतवर्षीचा विजेता प्राथमिक फेऱ्यांत खेळतच नसे. उरलेल्या देशांतून जो वर येई, त्याने विजेत्याला त्याच्या घरी जाऊन आव्हान द्यावयाचे. ही आव्हान फेरी 1972 मध्ये रद्द झाली.

राष्ट्राच्या नावाने खेळावयाचे म्हटले की राष्ट्राचे बरेवाईट दैवही त्या खेळाबरोबर येते. 1914 च्या उन्हाळ्यात याचा प्रत्यय आला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा संयुक्त संघ तेव्हा ऑस्ट्रेलेशिया या नावाने खेळत असे. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे जर्मनीशी त्याचा सामना चालू असतानाच युरोपात महायुद्ध पेटले. सामना संपवून फ्रॉइट्सहाइम आणि क्रॉइट्सर हे जर्मन खेळाडू स्वदेशी निघाले. परंतु वाटेतच ते ब्रिटिशांच्या हाती सापडले आणि स्थानबद्ध झाले. त्यांना हरविणाऱ्या संघातील अँथनी वाइल्डिंग हा न्यूझीलंडचा देखणा वीर 1915 च्या मे महिन्यात फ्रान्समधील रणभूमीवर पडला. क्रीडांगणाभोवती कुंपण घातले म्हणजे जगाचे वारे आत येत नाहीत, हा समज या स्पर्धेपुरता तरी तेव्हाच खोटा ठरला होता.

भारताने या स्पर्धेत पहिले पाऊल टाकले ते 1921 मध्ये. मोहम्मद सलीम, सिडनी जेकब, लुइस डीन आणि फैजी यांचा तो संघ. त्यांनी फ्रान्सचा पराभव केला आणि नंतर ते जपानपुढे हरले. देश पारतंत्र्यात होता. राष्ट्राचा ध्वज आपला नव्हता, राज्यकारभार आपला नव्हता, आणि तरीही गुणफलकावर ‘भारत’ हे नाव स्वतंत्रपणे झळकत होते. राष्ट्र म्हणून उभे राहण्याची संधी राजकारणाआधी क्रीडांगणाने दिली, ही या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट होय.

स्वातंत्र्यानंतर भारतीय टेनिसला रामनाथन कृष्णन यांच्या रूपाने एक असामान्य कलावंत लाभला. त्यांच्या फटक्यांत ताकदीपेक्षा नेमकेपणा अधिक असे. 1966 च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या साउथ क्लबच्या हिरवळीवर ब्राझीलविरुद्ध दोन्ही बाजू 2-2 अशा बरोबरीत आल्या. निर्णायक एकेरीत थॉमस कॉख या प्रतिस्पर्ध्याने दोन सेट घेतले होते आणि चौथ्यात तो 5-2 असा पुढे होता. तेथून कृष्णन यांनी तो सेट 7-5 असा खेचून आणला आणि पाचवा 6-2 असा जिंकला. भारत प्रथमच आव्हान फेरीत पोहोचला. मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाने भारताला 4-1 असे हरविले. परंतु तो एक विजयही साधा नव्हता. कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत न्यूकोम आणि रोश या बलाढ्य जोडीला चार सेटमध्ये नमविले होते. 1950 ते 1967 या अठरा वर्षांत ऑस्ट्रेलियाने हा करंडक पंधरा वेळा जिंकला होता. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका गुणाचे मोल कळते.

1974 मध्ये ती संधी पुन्हा चालून आली. कृष्णन आता न खेळणारे कर्णधार होते आणि संघाची भिस्त विजय व आनंद या अमृतराज बंधूंवर आणि जसजित सिंग यांच्यावर होती. मे महिन्यात कलकत्त्याला पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यात पुन्हा ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. वैशाखातील उन्हात हा सामना असा काही लांबत गेला की पाच लढतींत मिळून 327 गेम खेळले गेले. या स्पर्धेतील तो विक्रम ठरला. दुहेरीची एकच लढत 99 गेमची झाली आणि ती अमृतराज बंधूंनी 17-15, 6-8, 6-3, 16-18, 6-4 अशी जिंकली. शेवटच्या एकेरीत विजय अमृतराज यांनी गिल्टिनन याला हरवून भारताला 3-2 असा विजय मिळवून दिला. त्यानंतर पुण्याला सोव्हिएत संघ आला. पुणेकर रसिकांच्या डोळ्यांदेखत भारताने तो सामना 3-1 असा जिंकला आणि अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या बाजूने इटलीला हरवून दक्षिण आफ्रिका वर आली होती.

दक्षिण आफ्रिकेत 1948 पासून वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण होते. माणसाने कोठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणाशी विवाह करावा, हे त्याच्या कातडीच्या रंगावरून कायद्याने ठरत असे. खेळांतही तोच न्याय होता. 1968 मध्ये बेसिल डॉलिव्हेरा या मिश्रवंशीय खेळाडूचा इंग्लंडच्या संघात समावेश झाला म्हणून इंग्लंडचा क्रिकेट दौराच तेथील सरकारने होऊ दिला नाही. अमेरिकेचा कृष्णवर्णी टेनिसपटू आर्थर ॲश याला 1970 मध्ये तेथे प्रवेशपत्र नाकारण्यात आले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेला डेव्हिस करंडकातून वगळण्यात आले. परंतु 1973 मध्ये तिला पुन्हा आत घेतले गेले आणि 1974 मध्ये अमेरिका खंडाच्या विभागातून खेळावयास लावले गेले. भूगोलाला असा पीळ घालावा लागला, यातच स्पर्धेच्या चालकांची अडचण दिसून येते.

भारतापुढे हा प्रश्न त्या वर्षी प्रथमच उभा राहिला असे नव्हे. मोहनदास करमचंद गांधी यांच्या सत्याग्रहाचा जन्म दक्षिण आफ्रिकेतच झाला. तेथील भारतीयांच्या छळाचा प्रश्न भारताने 1946 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला आणि त्याच वर्षी त्या देशाशी व्यापारही थांबविला. म्हणजे स्वातंत्र्य हाती येण्यापूर्वीच ही भूमिका ठरली होती. 1974 मध्ये प्रश्न एवढाच होता की चांदीचे पात्र समोर आल्यावर ती भूमिका टिकते की नाही. भारत सरकारच्या धोरणाला अनुसरून अखिल भारतीय टेनिस संघटनेने दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला.

या निर्णयाची किंमत कोणी दिली, हे विसरता कामा नये. मंत्रालयातील कोणाचे काही गेले नाही. ती किंमत दिली खेळाडूंनी. तोवर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया या चारच राष्ट्रांच्या नावे हा करंडक लागला होता. पाचवे नाव भारताचे होण्याची शक्यता खरीखुरी होती. ते नाव दक्षिण आफ्रिकेचे झाले. ज्याच्या विरोधासाठी त्याग करावा, त्यालाच त्या त्यागाचे फळ मिळावे, हा दैवाचा विलक्षण उपहास होय. खेळ आणि राजकारण यांची गल्लत करू नये, हा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला, आणि तो सर्वस्वी फोल नाही. खेळाडूचे उमेदीचे दिवस थोडे असतात आणि ते परत येत नाहीत. एका सामन्याच्या नकाराने कोणतीही राजवट कोसळत नाही.

तथापि या आक्षेपाचे उत्तर स्पर्धेच्या स्वरूपातच आहे. कोणी खेळाडू स्वतःच्या नावाने कोठे खेळतो, हा त्याच्या विवेकाचा प्रश्न असतो. परंतु जेथे राष्ट्राच्या नावाने खेळावयाचे, तेथे राष्ट्राची प्रतिज्ञाही खेळाडूबरोबर मैदानात उतरते. आणि खेळात रंगाचे राजकारण भारताने आणले नव्हते. ज्यांनी आपल्याच देशबांधवांना कातडीच्या रंगावरून संघाबाहेर ठेवले, त्यांनी ते आधीच आणले होते. विजय अमृतराज यांनी पुढे हुकलेल्या संधीची खंत लपविली नाही, पण निर्णय योग्य होता असेही म्हटले. तो भार ज्यांच्या खांद्यावर पडला, त्यांच्यापैकी एकाची ही साक्ष आहे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. दक्षिण आफ्रिकेच्या सामन्यांभोवती निदर्शने वाढत गेली. 1978 नंतर तो देश या स्पर्धेत दिसेनासा झाला आणि वर्णभेदाचे कायदे मोडीत निघू लागल्यावर, 1992 मध्ये परतला. 1994 मध्ये तेथे सर्व वर्णांच्या नागरिकांनी मतदान करून आपले सरकार निवडले. भारताने 1987 मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली. कृष्णन यांचे चिरंजीव रमेश आणि अमृतराज बंधू त्या संघात होते. परंतु गोथेनबर्गच्या मातीच्या कोर्टावर स्वीडनने त्यांचा 5-0 असा पराभव केला. 2019 पासून तर स्पर्धेचे स्वरूपच बदलले. अंतिम टप्प्याचे सामने एकाच नगरीत भरू लागले आणि पाच सेटच्या लढती तीन सेटच्या झाल्या.

भारताचे नाव त्या करंडकावर आजवर कोरले गेलेले नाही. 1921 साली परसत्तेखालील भारताला या स्पर्धेने राष्ट्र म्हणून खेळू दिले होते. 1974 साली स्वतंत्र भारताने राष्ट्र म्हणून न खेळण्याचे ठरविले. करंडकाच्या बैठकीवर या दुसऱ्या गोष्टीची नोंद होण्यासारखी नाही. ती नोंद ठेवण्याचे काम इतिहासाचे आहे, आणि ती ठेवताना कलकत्त्याच्या उन्हात 327 गेम खेळून वर आलेल्या आणि मग रिकाम्या हातांनी घरी परतलेल्या त्या तरुणांची नावे त्याने गाळू नयेत.