फटकेबाजाचे मोल किती?
आयपीएलचा लिलाव, संघांची तिजोरी आणि विदर्भाचा अनुभव

गोंदिया, प्रतिनिधी - धानाला निदान हमीभाव जाहीर होतो. षटकार ठोकणाऱ्या फलंदाजाला तोही नसतो. आयपीएलच्या लिलावाचे दिवस जवळ आले, की गोंदिया, तिरोडा, आमगावच्या पानठेल्यांवर एकच वाद रंगतो. एका फलंदाजावर इतके कोटी उधळावेत का, असे एक बाजू विचारते. सामना शेवटच्या चार षटकांत फिरतो आणि तो फिरवणाऱ्याला पैसे मोजावेच लागतात, असे दुसरी बाजू ठणकावते. दोन्ही बाजूंना आधार देणारे दाखले गेल्या काही हंगामांत भरपूर मिळतात.

तिजोरीला कुलूप

आयपीएलमध्ये संघमालक कितीही श्रीमंत असला, तरी खेळाडूंवर मनमानी खर्च करता येत नाही. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत पहिला लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. चेन्नईने महेंद्रसिंग धोनीसाठी १५ लाख डॉलर मोजले, म्हणजे तिजोरीचा ३० टक्के हिस्सा एकाच खेळाडूवर घातला. २०२५च्या हंगामासाठी ही मर्यादा १२० कोटी रुपये होती. त्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू घ्यायचे होते. परदेशी खेळाडू आठपेक्षा अधिक चालत नव्हते.

नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाह येथे झालेल्या लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतले. ही रक्कम तिजोरीच्या साडेबावीस टक्के होते. उरलेल्या ९३ कोटींत बाकी सारा संघ उभा करावा लागला. त्यामुळे एका फटकेबाजाची किंमत केवळ रुपयांत मोजून चालत नाही. त्याच्यामुळे हातचे सुटलेले गोलंदाजही हिशेबात धरावे लागतात.

भाव वाढण्यास लिलावाचा नियमही हातभार लावतो. जुन्या संघाला आपला खेळाडू अंतिम बोलीच्या रकमेला परत घेण्याचा हक्क होता. मात्र त्याआधी बोली जिंकणाऱ्या संघाला एकदा रक्कम वाढवता येत होती. पंतवरील बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली होती. दिल्लीने हक्क बजावताच लखनौने थेट २७ कोटींचा आकडा उच्चारला आणि दिल्लीने माघार घेतली. अमरावतीच्या जितेश शर्माबाबतही हेच घडले. पंजाबने हक्क सांगितल्यावर बंगळुरूने त्याची किंमत ७ कोटींवरून ११ कोटींवर नेली.

एका धावेची किंमत

२०२५च्या हंगामात पंतने २६९ धावा केल्या, म्हणजे एक धाव सुमारे १० लाखांना पडली. कोलकात्याने २३ कोटी ७५ लाखांना घेतलेल्या वेंकटेश अय्यरने १४२ धावा केल्या. तेथे हाच दर पावणेसतरा लाखांच्या घरात गेला. जितेशने २६१ धावा केल्या. त्याची एक धाव सव्वाचार लाखांच्या आसपास पडली.

एवढ्यावरून महागडा खेळाडू म्हणजे तोट्याचा सौदा, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मुंबईकर श्रेयस अय्यरसाठी पंजाबने २६ कोटी ७५ लाख मोजले. त्याने ६०४ धावा केल्या आणि कर्णधार म्हणून संघाला अंतिम फेरीत नेले. त्याच्या धावेचा दर साडेचार लाखांहून कमी, म्हणजे जितेशच्या जवळपास येतो. त्याच लिलावात राजस्थानने १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांत घेतले आणि त्याने पुढे गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक झळकावले.

शिवाय धाव आणि धाव सारखी नसते. पंतच्या धावा शंभर चेंडूंमागे १३३ या गतीने, तर जितेशच्या १७६ या गतीने आल्या. जितेश खालच्या क्रमांकावर येतो आणि त्याच्या वाट्याला चेंडू थोडे येतात. २७ मे २०२५ रोजी लखनौत हे दोघे समोरासमोर आले. पंतने नाबाद ११८ धावा करून संघाला २२७पर्यंत पोहोचवले. जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावून बंगळुरूला सामना जिंकून दिला. अंतिम सामन्यात त्याने १० चेंडूंत २४ धावा केल्या. बंगळुरूचा विजय अवघ्या ६ धावांचा होता.

जुने दाखले

बंगळुरूलाच हा धडा उशिरा मिळाला. जानेवारी २०११च्या लिलावात कोणीही न घेतलेला ख्रिस गेल नंतर बदली खेळाडू म्हणून या संघात आला आणि त्या हंगामात ६०८ धावा करून सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. २३ एप्रिल २०१३ रोजी पुणे वॉरियर्सविरुद्ध त्याने १७ षटकारांसह नाबाद १७५ धावा कुटल्या. तरीही पहिल्या विजेतेपदासाठी संघाला अठराव्या हंगामाची वाट पाहावी लागली. उलट २००८मध्ये सर्वांत कमी खर्च करणारा राजस्थानचा संघ शेन वॉर्नच्या नेतृत्वाखाली विजेता ठरला. २०१५मध्ये दिल्लीने युवराजसिंगसाठी १६ कोटी मोजले. त्याला १४ सामन्यांत २४८ धावा करता आल्या.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तर अशी पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च केल्यास संघाला कर भरावा लागतो, इतकेच. डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोशी १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. २०२५मध्ये त्याने ४३ होमरन मारले, पण संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. त्याच वर्षी अफाट खर्च करणारा लॉस एंजलिस डॉजर्स मात्र सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला.

विदर्भापुढील प्रश्न

हा वाद आपल्याकडे केवळ करमणुकीचा नाही. जितेशला २०२२मध्ये पंजाबने २० लाखांत घेतले होते. तीन हंगामांत त्याची किंमत ५५ पट झाली. दुसरीकडे विदर्भाने २०२४-२५चा रणजी करंडक जिंकला तो संयमाच्या बळावर. यश राठोडने त्या मोसमात सर्वाधिक ९६० धावा केल्या, तर हर्ष दुबेने ६९ बळींचा विक्रम केला. हर्षला आयपीएलचे दार उघडले ते बदली खेळाडू म्हणून, ३० लाखांत.

क्रिकेट नियामक मंडळाने २०२१मध्ये ठरवलेल्या दरानुसार नवोदित रणजी खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. म्हणजे लिलावातील ३० लाखांची किमान किंमत कमावण्यास मैदानावर ७५ दिवस उभे राहावे लागते आणि रणजीचा एक मोसम इतका लांबत नाही. अशा स्थितीत गोंदियाच्या मुलाने उंच फटक्याचाच सराव करावा असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु जिल्हा संघातून विदर्भाच्या संघापर्यंतची वाट आजही दिवसभराच्या क्रिकेटमधूनही जाते. लिलावातील भाव दोन संघांच्या चढाओढीतून ठरतो आणि तो पुढच्या वर्षी कोसळूही शकतो. मुलांना शिकवताना प्रशिक्षकांनी आणि पालकांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.