प्लेगची साथ आणि अफवांची साथ : मुंबई, १८९६

खोट्या बातम्या मोबाईलसोबत आल्या, असा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज असतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत, जिथे बहुसंख्य लोकांना वर्तमानपत्रही वाचता येत नव्हतं, तिथे केवळ तोंडोतोंडी पसरलेल्या बातमीने सुमारे हजार माणसं इस्पितळावर चालून गेली होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ताप आणि जांघेत-काखेत गाठी असलेले रुग्ण पाहिले आणि हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखलं. पुढच्याच महिन्यात पालिकेने हुकूम काढला, की रुग्ण सापडला तर त्याला सक्तीने इस्पितळात हलवता येईल. त्याबरोबर अफवा उठल्या. इस्पितळात रुग्णांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचं औषध काढतात. राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं म्हणून राणीने सूड घ्यायला मुंबईकरांची काळिजं मागितली आहेत. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळात (आजचं कस्तुरबा रुग्णालय) घुसला.

आज हे वाचून हसू येईल. हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. पुतळ्याला डांबर खरंच फासलं गेलं होतं. इस्पितळात नेलेली बरीच माणसं खरंच परत येत नव्हती. प्रतिजैविकं यायला अजून काही दशकं होती, आणि उपचाराशिवाय गाठीच्या प्लेगने निम्म्याहून अधिक रुग्ण दगावू शकतात. त्यात भीतीपोटी घरचे लोक रुग्णाला लपवून ठेवत. तो इस्पितळात पोचायचा तेव्हा शेवटच्या घटका मोजत असायचा. तो गेला की शेजारीपाजारी म्हणत, ‘बघा, नेला आणि मारला!’ मग पुढचा रुग्ण आणखी उशिरा यायचा. अफवाच स्वतःचे पुरावे तयार करत होती. लोकांनी पाहिलेलं खरं होतं, त्यावरून काढलेलं कारण चुकीचं होतं. माझ्या मते अफवा पसरण्याचं खापर नुसतं अडाणीपणावर फोडणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही आहे. घरात शिरून आईला किंवा मुलाला ओढून नेणाऱ्या सरकारवर कोण विश्वास ठेवणार? काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं, आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेगही गावोगाव गेला.

मग लोकांचा विश्वास थोडाफार परत कशाने आला? हुकमाने तर नाहीच. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान तेव्हा विशीतही नव्हते. त्यांनी आपल्या लोकांसमोर लस घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायी पुढे आले. निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळं काढली. तिथे ओळखीची माणसं होती, आपलं जेवणखाण होतं. रुग्ण तिथे यायला कमी कचरत.

पण अफवा फक्त वस्तीत जन्मते असं नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना हाफकिनची लस दिली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. ‘लसीने माणसं मेली’ ही बातमी खरी होती, तरीही अर्धवट. मेलेले सगळे जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही. म्हणजे दोष लसीचा नव्हता, त्या एका बाटलीत शिरलेल्या जंतूंचा होता. ते कुठे शिरले, हा खरा प्रश्न. सरकारी चौकशीने ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला. पुढे, बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, याकडे सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे लक्ष वेधलं. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं.

दवाखान्यात अनेकदा रुग्ण फोन पुढे करतात, ‘डॉक्टर, हे खरं का?’ मला हा प्रश्न फार आवडतो. पाठवण्याआधी विचारलेला असेल तर जास्तच. तेव्हा मी मुलकोवालचेच प्रश्न विचारतो. किती जणांपैकी किती? बाकीच्यांचं काय झालं? आणि हे प्रत्यक्ष पाहिलं कोणी?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सहाव्या ठिकाणी आता कंपनी अडवते. पहिल्या पाच ठिकाणी अडवणारं आपल्याशिवाय दुसरं कोणी नाही.